हाडं नाहीत, मग जोर कुठून?

प्रश्न : ताई, मऊ रोबोंचे व्हिडिओ पाहिले. आत ना हाड, ना सांधा. मग वस्तू उचलायला जोर येतो कुठून? आणि साधी सुई टोचली तरी खेळ खलास ना?

उत्तर : जोर दाबातून येतो. मी सिलिकॉनची बोटं ओतते, तेव्हा त्यातलंच सांगते. बोटात ओळीने पोकळ कप्पे असतात आणि खालच्या अंगाला कापडाची पट्टी. हवा भरली की कप्पे फुगून वरची बाजू लांबते. कापड काही ताणत नाही. मग बोटाला वाकण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. ओतताना जीव टांगणीला लागतो तो बुडबुड्यांपायी. सिलिकॉनचे दोन द्रव कालवून निर्वात भांड्यात ठेवले की मिश्रण फसफसून वर येतं, मग खाली बसतं. एवढं करून एखादा बुडबुडा भिंतीत राहिलाच, तर हवा भरताना नेमकं तिथेच टेंगूळ येतं आणि बोट फुटतं.

ऑक्टोपसच्या बाहूत हवा नसते, सगळे स्नायूच. पण स्नायूंचं आकारमान बदलत नाही. ते आडवे आवळले की बाहू लांबतो. हत्तीची सोंडही त्याच जातीची.

सुईची भीती रास्त आहे. पण तिथे वेल प्राण्यांपेक्षा हुशार ठरते. 2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वेलीसारखा शेंड्याकडून वाढणारा रोबो दाखवला. पातळ प्लास्टिकची नळी, स्वतःच्याच आत उलटी दुमडलेली. आत हवा भरली की दुमडलेलं प्लास्टिक टोकाशी उलगडत बाहेर येतं. असा तो 72 मीटरपर्यंत वाढला. यात मागचं अंग जागचं हलत नाही, पुढे जातं ते फक्त टोक. म्हणून खिळा घुसला तरी नळी त्यावरून घासत नाही, आणि भोक त्या खिळ्यानेच बुजून राहतं! सरपटणारा रोबो असता तर टरकन फाटला असता.

मला विचाराल, तर खरी डोकेदुखी शेपटीची. बहुतेक मऊ रोबोंच्या मागे हवेची नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला धडधडणारा कॉम्प्रेसर. व्हिडिओत तो सहसा चौकटीबाहेरच राहतो. हार्वर्डच्या ऑक्टोबॉटने, म्हणजे ऑक्टोपसच्या आकाराच्या मऊ रोबोने, 2016 साली ही शेपूट तोडली. त्याच्या पोटात इंधन म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड हा द्रव. प्लॅटिनमशी गाठ पडली की त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि बाहू फुगतात, चार-चार, आळीपाळीने. बॅटरी नाही, तार नाही. इंधन असेतो काही मिनिटं तो बाहू हलवत राहतो. चालता मात्र येत नाही.