कथेत माओरी चालीरीती पार्श्वभूमीला कशा आणाव्यात?

तुमच्या कथेतली मराठी मुलगी न्यूझीलंडमध्ये माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, घरात सून म्हणून जाते, तर कोणत्या चालीरीती दाखवू, असं तुम्ही विचारलंय. मी हॅमिल्टनमध्ये राहते. हाका नाच, गोंदण, नाकाला नाक लावून भेटणं हे सगळं एका कथेत कोंबू नका, एवढं कळकळीने सांगते. एकच प्रसंग घ्या. मी असते तर तांगी घेतली असती, म्हणजे माणूस गेल्यानंतरचे साधारण तीन दिवस.

पार्थिव मराएवर, म्हणजे कुळाच्या सामायिक जागेवर, उघड्या पेटीत ठेवतात आणि रात्रीसुद्धा एकटं सोडत नाहीत. भेटीला आलेल्यांनी फाटकापाशी थांबायचं. यजमानांकडच्या बाईची लांब साद आली की मगच पाऊल टाकायचं. बोलणारे थेट गेलेल्या माणसाशी बोलतात, त्याच्यावर रागावतातसुद्धा. एका सहकारिणीच्या आईच्या तांगीला मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि गांगरले. आपल्याकडे तर लवकर उचला म्हणून घाई असते. रात्री सगळे सभागृहात जमिनीवर गाद्या टाकून निजले. ते सभागृह म्हणजे पूर्वजाचं शरीर: आढं हा कणा, वासे या बरगड्या.

दफनभूमीतून निघताना हातांवर पाणी घेतात. तुमच्या नायिकेला तिथे स्मशानातून आल्यावर अंगणात ठेवलेली बादली आठवेल. पण लगेच सगळ्यांनी मिळून जेवायचं असतं, कारण अन्नानेच तापू, म्हणजे मृत्यूचा तो पवित्र, धोकादायक बंध, सुटतो. सुतकात वाढलेल्या मुलीच्या घशाखाली तो पहिला घास कसा उतरेल? तो प्रसंग सावकाश लिहा.

कथेला ताण हवा असेल तर पुरायचं कुठे हा प्रश्न आहेच. 'फेनुआ' या एकाच शब्दाचा अर्थ जमीन आणि वारही. बाळाची वार कुळाच्या जमिनीत पुरतात, म्हणून माणसानेही तिथेच परतावं अशी नातलगांची ओढ असते. 2007 मध्ये दक्षिण बेटावरच्या क्राइस्टचर्चला वारलेल्या, तुहोए या माओरी कुळातल्या एका माणसाचं पार्थिव नातलगांनी जोडीदारणीच्या इच्छेविरुद्ध उत्तर बेटावर नेऊन पुरलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 2012 च्या निकालात अंतिम निर्णयाचा हक्क मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचा, म्हणजे त्या जोडीदारणीचाच ठरला. तुमची नायिका तिच्या जागी असती तर?

कथेतलं कुळ मात्र आधी ठरवा. काही ठिकाणी मराएवर यजमानांची सगळी भाषणं आधी होतात, काही ठिकाणी पाहुण्यांशी आलटूनपालटून. मसुदा त्याच कुळातल्या कुणाला तरी वाचायला द्या.