टीएसएच ५.८, फेरिटिन ११, बी-१२ २३८: थायरॉईडची गोळी चालू असताना हा रिपोर्ट कसा वाचायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हायपोथायरॉईड आहे (म्हणजे थायरॉईड ग्रंथी हार्मोन कमी बनवते), रोज ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉईडची गोळी चालू आहे, तरी थकवा जात नाही, केस गळतात, पाळीत जास्त जातं. रिपोर्टमध्ये टीएसएच ५.८, फ्री टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) १.३, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी) ३४०, व्हिटॅमिन डी १७, बी-१२ २३८, फेरिटिन (लोहाचा साठा) ११, हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ७८ आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारातली तफावत) १६.८. गोळी १०० ची करावी का, आणि व्हिटॅमिनं कोणती घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि मलाही बरीच वर्षं हाच आजार आहे. डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण तुमच्या प्रश्नात अगदी जाता जाता आलेली तीन वाक्यं मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटली. लक्षात राहावं म्हणून थायरॉईडच्या गोळीबरोबरच लोह-कॅल्शियमची गोळी घेता. केसांसाठी बायोटिन सुरू आहे. आणि रक्त द्यायला जाण्याआधी त्या दिवशीची थायरॉईडची गोळी घेतली होती. या तिन्हींचा निकाल लागल्याशिवाय डोसचा निर्णय घाईचा ठरेल.

आधी टीएसएच. हे हार्मोन थायरॉईड तयार करत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी करते. मूल ऐकत नाही तसा आईच्या हाकेचा आवाज चढत जातो, तसं थायरॉईडकडून हार्मोन कमी पडलं की टीएसएच चढतं. म्हणून आकडा जास्त म्हणजे थायरॉईड कमी. टी-४ मधल्या लहानशा घटीलाही टीएसएच मोठी उडी मारतं. बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी असते. ती निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेऊन आखलेली असते, त्यामुळे काही निरोगी माणसंही तिच्या बाहेर पडतात. शिवाय टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं. एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा दुपारी दोन वाजता रक्त देऊन त्या दोन आकड्यांची तुलना करू नका. ४.१ चे ४.७ झाले म्हणून मनाला लावून घेण्यासारखंही काही नाही.

तुमचे ५.८ मात्र गोळी चालू असताना आलेत, म्हणजे गोळी कमी पडतेय. प्रश्न एवढाच की डोस कमी आहे, की घेतलेला डोस रक्तात पोचतच नाही? लोह आणि कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला (म्हणजे तुमच्या थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला) आतड्यातच धरून ठेवतात. दोन्ही एकत्र घेतल्या तर ७५ मधले नेमके किती शोषले गेले ते कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. सकाळी जमत नसेल तर रात्री, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच ठेवा.

समजा, आज डोस १०० केला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून पुढच्या आठवड्यात लोहाची गोळी दुपारवर ढकलली. आता १०० नीट शोषले जाणार. टीएसएच खाली घसरेल, छातीत धडधड सुरू होईल, झोप उडेल. असा जादा डोस दीर्घकाळ राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांना मी आधी हे विचारेन: हाच डोस नीट अंतर ठेवून सहा ते आठ आठवडे घेऊ का आणि मग टीएसएच करू का? टी-४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं असतं आणि पिट्युटरी त्याहूनही सावकाश जुळवून घेते. दोन-तीन आठवड्यांत केलेली तपासणी अर्ध्या वाटेवरचा आकडा दाखवते.

फ्री टी-४ १.३ हे सर्वसाधारण मर्यादेत बसतं. पण गोळी घेतल्यावर पुढचे काही तास ते तात्पुरतं वर जातं, त्यामुळे या आकड्यावर मी विसंबणार नाही. पुढच्या वेळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

आता बायोटिन. लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारखीला याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं. शरीराची दिवसाची गरज असते सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. तेवढ्याने शरीराला सहसा अपाय होत नाही, पण मशीनची फसगत होते. अनेक मशीनमधली तपासणी बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांच्या घट्ट जोडीवर उभी असते. रक्तातच बायोटिन उसळलेलं असेल तर ते मध्ये घुसतं आणि आकडा बिघडतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

बिघडतो कुठल्या दिशेने, तेही ठरलेलं आहे. अशा मशीनवर टीएसएच आणि फेरिटिन खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. फ्री टी-४, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ यांच्या तपासण्या सहसा उलट्या तत्त्वावर चालतात, म्हणून ते आकडे खोटेच चढतात. तुमच्या रिपोर्टला हे लावून पाहा: खरं टीएसएच ५.८ पेक्षा जास्त असू शकतं, खरं बी-१२ २३८ पेक्षा कमी असू शकतं आणि फेरिटिन कदाचित ११ इतकं वाईट नसेल. सगळ्या मशीनना हा त्रास होत नाही. त्यामुळे लॅबला सरळ विचारा की तुमच्या पद्धतीत बायोटिनचा अडथळा येतो का. आणि पुढच्या रक्ताआधी बायोटिन निदान दोन-तीन दिवस बंद ठेवा. डोस फार मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस.

मग फेरिटिनवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा, कारण हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही वेगळ्या मशीनवर मोजले जातात आणि बायोटिन तिथे पोचत नाही. तुमच्या तांबड्या पेशी लहान आहेत (एमसीव्ही ८० च्या खाली), त्यांच्या आकारात तफावत आहे (आरडीडब्ल्यू वाढलेलं) आणि हिमोग्लोबिनही १२ च्या खाली आहे. पाळीत जास्त जातं, हेही तुम्ही लिहिलंय. हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं: लोह कमी आहे. माझ्या मते तुमच्या थकव्याचा आणि केसांचा मोठा वाटा इथे आहे. रिपोर्टमध्ये टीएसएच ठळक अक्षरात छापलं गेलं म्हणून सगळं लक्ष तिकडे गेलं, याचं मला वाईट वाटतं. लोहाच्या कमतरतेने थकलेल्या माणसाची थायरॉईडची गोळी कितीही वाढवली तरी तो थकवा उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाचा साठा संपला असं मानते, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन उगाच वर जातं, त्यामुळे आजारपणातलं नॉर्मल फेरिटिन पाहून निश्चिंत होऊ नका. आणखी एक दुवा असा की थायरॉईडमध्ये हार्मोन तयार करणाऱ्या टीपीओ या एन्झाइमलाच लोह लागतं.

बी-१२ २३८ हा कुंपणावरचा आकडा आहे. २०० च्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० मध्ये खात्री देता येत नाही. इथे एमसीव्हीसुद्धा दिशाभूल करू शकतं. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधेच कुठेतरी राहते आणि फक्त आरडीडब्ल्यू वाढलेलं दिसतं. खात्रीसाठी मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही तपासणी चांगली, फक्त किडनीचा त्रास असेल तर तीही वाढलेली दिसते. होमोसिस्टीन ही दुसरी तपासणी करतात, पण ते हायपोथायरॉईडमुळेही वाढतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत ते एकटं पुरेसं नाही. मात्र या तपासण्यांआधी बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन सुरू केलंत तर आकडा चढतो आणि आधीची खरी स्थिती कधीच कळत नाही.

आता अँटी-टीपीओ ३४०. यातून एवढंच कळतं की आजार हाशिमोटो प्रकारचा आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटली आहे. (हे नाव १९१२ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या जपानी डॉक्टरांचं.) निदान झाल्यावर ही तपासणी पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. ३४० चे ५०० झाले म्हणून आजार वाढला असं होत नाही, आणि डोसही त्यावरून ठरत नाही.

पण याच आकड्यामुळे डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा. ज्यांची प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते, त्यांच्यापैकी काहींमध्ये ती जठराच्या अस्तरावरही उलटते. मग जठरातलं आम्ल कमी होतं आणि लोह, बी-१२, शिवाय थायरॉईडची गोळी, तिन्हींचं शोषण बिघडतं. सीलिएक हा ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजारही या मंडळींत सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तिन्ही बाजूंनी कमी दिसतंय. कारण साधं असू शकतं, पाळी आणि एकत्र घेतलेल्या गोळ्या. तरीही पराएटल सेल आणि इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटीबॉडी (जठरासाठी), तसंच टीटीजी-आयजीए (सीलिएकसाठी) या तपासण्यांबद्दल विचारून ठेवा. टीटीजी करण्याआधी ग्लुटेन बंद करू नका, नाहीतर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. ॲसिडिटीच्या किंवा मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर त्याही सांगा. दोन्हींनी बी-१२ कमी होतं.

व्हिटॅमिन डी १७ म्हणजे कमी, २० च्या खाली उपचार करतात. काही लॅब हाच आकडा दुसऱ्या एककात ४२-४३ असा छापतात, म्हणून तुलना करताना शेजारचं एकक बघा (नॅनोग्रॅमला अडीचने गुणलं की नॅनोमोल). डी भरून काढा, हाडांसाठी ते हवंच, पण त्याने थायरॉईड बरं होईल ही आशा ठेवू नका. आणि मोठ्या डोसची डीची गोळी डॉक्टरांनी ठरवलेल्या आठवड्यांपलीकडे मनाने चालू ठेवू नका. ते शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकतं. डीची पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी पुरे.

फ्री टी-३ आणि रिव्हर्स टी-३ या थायरॉईडच्या आणखी दोन तपासण्यांवर पैसे घालवू नका, डोस ठरवायला त्यांचा उपयोग होत नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर टीएसएच जागेवर आल्यावर एकदा परत करा, बऱ्याचदा ते आपोआप उतरतं.

सहा ते आठ आठवडे थांबण्याबद्दल मी वर जे लिहिलं, त्याला दोन अपवाद आहेत. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर बी-१२ चा प्रश्न याच आठवड्यात डॉक्टरांपुढे ठेवा, कारण नसांचं नुकसान उशीर झाला तर पूर्ण भरून येत नाही. आणि गर्भधारणेचा विचार असेल किंवा पाळी चुकली असेल, तर लगेच फोन करा. गरोदरपणात थायरॉईडची गरज सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढते, डोस बहुतेकदा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि टीएसएचच्या मर्यादाही वेगळ्या धरतात.