लॅपटॉपवर शास्त्रीय गाणं ऐकायचं आहे. विकतचा प्लेअर घेतल्याने आवाज खरंच सुधारतो का?

तुम्ही विचारलंय की विंडोजचा लॅपटॉप आहे, नवा यूएसबी डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारं छोटं उपकरण) आणि बरे हेडफोन घेतलेत, ऐकणं बहुतेक शास्त्रीय गाण्याचं. मग फुकट मिळणारा फूबार २००० हा गाणी वाजवायचा प्रोग्राम पुरेल, की पैसे मोजून दुसरा प्लेअर घ्यावा?

फूबार पुरेल. मात्र तो उतरवून घेतला आणि लावला, एवढ्यावर थांबू नका. दहा मिनिटं सेटिंगमध्ये घालवा, खरा फरक तिथे आहे.

सीडीवरून घेतलेल्या फाइलमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. विंडोज मात्र सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून एकाच दराने बाहेर सोडतं आणि तो दर बऱ्याच लॅपटॉपवर ४८,००० असतो. म्हणजे तुमचं गाणं वाटेत बदलून, ब्राउझर आणि सूचनांच्या आवाजात मिसळून डॅकला पोचतं. हे टाळायला फूबारच्या प्रेफरन्सेसमध्ये आउटपुटच्या यादीत जा. तिथे तुमच्या डॅकचं नाव दोनदा दिसेल. ज्याच्यापुढे ‘एक्स्क्लुझिव्ह’ लिहिलंय ते निवडा. आता फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकला जातात. फक्त फूबारचा स्वतःचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त डॅकच्या बटणाने करा. जमलं का, ते तपासणं सोपं आहे. गाणं चालू असताना ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावा. त्याचा आवाज त्या डॅकमधून आला नाही, तर जमलं. डॅकवर सॅम्पल रेटचा, म्हणजे नमुन्यांच्या दराचा, दिवा असेल तर ४४.१ आणि ९६ किलोहर्ट्झच्या फाइली पाठोपाठ वाजवल्यावर तो बदलायला हवा.

दोन प्लेअर डॅकला तेच आकडे देत असतील, तर ते कोणी पाठवले हे डॅकला कळायला काही मार्गच नाही. हल्लीचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस असतात, म्हणजे घड्याळ डॅकचं असतं. तो मागेल तसा लॅपटॉप डेटा पुरवतो, त्यामुळे वेळेची अचूकताही प्लेअरच्या हातात उरत नाही.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका विकतच्या प्लेअरची चाचणी आवृत्ती घेतली होती आणि पहिल्या संध्याकाळी मला खात्री वाटली, की तानपुरा जास्त भरलेला लागतोय. मग हेडफोनच्या जोडणीवर मल्टिमीटर लावून एकच सूर दोन्हींतून वाजवला. नवा प्लेअर जवळजवळ दीड डेसिबल मोठा वाजत होता. एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. पातळी सारखी केली, भिंतीकडे तोंड करून बसलो आणि मुलीला नाणं उडवून प्लेअर बदलायला सांगितलं. १६ वेळांत ९ बरोबर आले. नुसत्या अंदाजानेही ८ येतात. खरंच ऐकू येतंय असं म्हणायला किमान १२ तरी यायला हवे होते. तितके योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते. तुम्हीही पैसे देण्याआधी घरात कोणाला तरी असंच बसवा.

विकतच्या प्लेअरना अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. घरात चार खोल्यांत एकाच संग्रहातून गाणं वाजवायचं असेल, फोनवरून सगळं चालवायचं असेल, तर रून किंवा जेरिव्हर यांची सोय मोठी आहे. पैसे सोयीचे द्या, आवाजाचे म्हणून देऊ नका.

आता ज्याने गाणं खरंच बिघडतं, त्याकडे या. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट’ नावाखाली काही सोयी असतात. त्यांतली ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ आधी बंद करा. आम्हा इंदूरकरांच्या घरात उस्ताद अमीर खान हे रोजचं ऐकणं. अतिविलंबित झुमरा तालात ते एक स्वर लावतात, थांबतात, पुन्हा मंद्रातून वर येतात. ही सोय चालू असली की ते थांबले रे थांबले की तानपुरा फुगून पुढे येतो आणि स्वर लागला की दबतो. त्यांच्या गाण्यात विराम हाही गाण्याचाच भाग आहे, आणि नेमका तोच मोडतो. एक्स्क्लुझिव्हमध्ये ही भानगड आपोआप टळते, पण ब्राउझरमधून ऐकताना नाही.

मध्येच टिचटिच असा आवाज येत असेल तर डॅकला दोष देण्याआधी लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम चालवून बघा. कोणता ड्रायव्हर आवाज अडवतोय ते तो दाखवतो. माझ्याकडे वायफायचा ड्रायव्हर अडवणूक करत होता. तो अद्ययावत केल्यावर थांबलं. फूबारचा बफर वाढवला तरी ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही. एसिओ नावाच्या ड्रायव्हरच्या मागेही लागू नका. ते स्टाइनबर्गने स्टुडिओत आवाज उशिरा येऊ नये म्हणून बनवलं, आणि आपल्याला इथे उशिराची अडचणच नाही. आणि पुढे कधी स्पीकर जोडलेत आणि सतत घुं असा आवाज आला, तर चार्जर काढून बघा. थांबला, तर दोष अर्थिंगचा आहे. सॉफ्टवेअर त्याला काही करू शकत नाही.

हेडफोनला इक्वलायझर लावायचा असेल तर एक अडचण लक्षात ठेवा. इक्वलायझर एपीओ हे फुकट आणि उत्तम साधन आहे, पण ते विंडोजच्या मिश्रणाच्या वाटेवर बसतं, त्यामुळे एक्स्क्लुझिव्हमध्ये त्याचा उपयोग नाही. तेव्हा फूबारच्या आतलाच इक्वलायझर वापरा. कुठे ४ डेसिबल वाढवलंत, तर एकूण पातळी तेवढीच खाली आणा, नाहीतर तारसप्तकात आवाज फाटेल.

फाइली कुठून आल्या, याचं वजन या सगळ्याहून जास्त. आमच्याकडे रामबागेत आणि लोकमान्य नगरात जुन्या मैफलींच्या कॅसेटी घरोघरी होत्या. आता त्या पेनड्राइव्हवर फिरतात आणि मोठा भाग एमपीथ्री करून मग कोणीतरी फ्लॅक केलेला असतो. फ्लॅक ही फाइल मिळालेले आकडे जसेच्या तसे जपते, एमपीथ्री करताना गेलेले परत आणत नाही. आवाजातल्या कंप्रतांचं चित्र दाखवणाऱ्या स्पेक नावाच्या प्रोग्रामात अशी फाइल उघडली की १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. जुन्या टेपमध्येही वरचा भाग रिकामाच असतो, पण तो हळूहळू विरत जातो. त्याला खोटं समजू नका. आणि ७८ आरपीएमच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीची २४ बिट १९२ किलोहर्ट्झची प्रत कोणी विकत असेल, तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. त्या तबकडीवर जे आहे, ते सीडीच्या दर्जात आरामात मावतं.

रिप्लेगेन, म्हणजे गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय, लावलंत तर ‘अल्बम’वर ठेवा. ‘ट्रॅक’वर ठेवलंत तर वेगळ्या ट्रॅकमधला आलाप उचलून ‘झाला’ या द्रुत भागाइतका मोठा केला जातो.

फूबार मला सोडवत नाही, त्याचं खरं कारण टॅग, म्हणजे फाइलला जोडलेली माहिती. बहुतेक प्रोग्राम ‘आर्टिस्ट, अल्बम, साँग’ एवढंच विचारतात. आपल्याला राग हवा, ताल हवा, तबल्यावर कोण हे हवं. फूबारमध्ये हवं ते फील्ड जोडता येतं. फील्डचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, कारण फ्लॅकच्या नियमात नावाला तीच चालतात. आतला मजकूर मात्र खुशाल देवनागरीत लिहा. मी राग, ताल, लय, संगत आणि प्रहर अशी पाच ठेवली आहेत. सगळ्या संग्रहाला एक पावसाळा लागला. पण ऑटोप्लेलिस्टमध्ये प्रहर ‘सायंकाळ’ दिलं, की मारवा, पूरिया, श्री, पूरिया धनाश्री एका ठिकाणी येतात, आणि नवी फाइल टॅग केली की स्वतःहून यादीत जाऊन बसते. सुरुवात चाळीस-पन्नास फाइलींपासून करा आणि आधी फक्त राग भरा.