स्फटिक, बहुवारिक आणि 'वार'

प्रश्न असा आला आहे: 'दुधट दिसणाऱ्या प्लास्टिकला स्फटिकमय म्हणायचे आणि पाण्यासारख्या स्वच्छ प्लास्टिकला अस्फटिकी, हे उलटेच नाही का? आणि या स्फटिकांच्या रचनेसाठी मराठीत शब्द कोणते?'

उलटे काही नाही. उलटे आपण बोलतो. 'स्फटिकासारखा पारदर्शक डबा' हे वाक्य इतक्यांदा कानावर पडते की आता चीड येते. रसायनात स्फटिक ठरतो तो रेणूंच्या नेमक्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मांडणीवरून. आरपार दिसते की नाही, याचा तिथे संबंध नाही. पॉलिस्टायरीनच्या काचेसारख्या प्रकाराला व्यापारी 'क्रिस्टल' म्हणतात आणि त्यात स्फटिक औषधालाही सापडत नाही. दुधटपणा मात्र स्फटिकांचाच. वितळलेले पॉलिथिलीन निवताना आत ठिकठिकाणी बीज धरते, त्यातून गोल पुंजके चहूकडे वाढत जातात आणि एकमेकांना भिडले की थांबतात. हे पुंजके प्रकाश विखुरतात. गरम पेय भरण्याच्या काही पेट बाटल्यांचे तोंड पांढरे असते. ते मुद्दाम तापवून स्फटिकमय केलेले असते, उष्णतेने आकार बिघडू नये म्हणून.

पण या चर्चेतला खरा मोलाचा शब्द 'बहुवारिक' आहे. पॉलिमरला, म्हणजे एकच घटक पुन्हा पुन्हा जोडून झालेल्या लांब साखळीच्या रेणूला, मराठीने दिलेला हा शब्द लोक जड म्हणून टाकून देतात, किंवा हिंदीतला 'बहुलक' उचलतात. 'बहुलक'मध्ये नुसती विपुलता आहे. 'बहुवारिक'मध्ये 'वार' आहे. वार म्हणजे खेप, पाळी. वारंवार, एकवार यांतला तोच. सोमवार म्हणजे सोमाची पाळी. आणि माझ्या मते पंढरीची वारीही त्याच घरची, नेमाने पुन्हा पुन्हा करायची खेप. कोणी बहुवारिकातला वार 'वारि' म्हणजे पाण्याशी जोडतात, कोणी नऊवारीतल्या मापाशी. दोन्ही चूक. पाण्याचा इथे संबंध नाही आणि लांबी मोजायची असती तर 'एकवारिक' हा मोनोमरचा, म्हणजे त्या साखळीतल्या एकेका घटकाचा, प्रतिशब्द निरर्थक ठरला असता.

'पॉलिमर'मधला 'मेर' ग्रीक 'मेरोस'वरून आला, आणि 'मेरोस' म्हणजे नुसता भाग. १८३३ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 'पॉलिमर' हा शब्द घडवला तो घटकांचे प्रमाण तेच पण रेणू पटीने मोठा, अशा पदार्थांसाठी. म्हणजे त्याच्या मनातही पट होती, खेप होती. ती ग्रीक शब्दात नीट उतरली नाही, मराठीत उतरली. आणि स्फटिक वाढतो तो याच खेपेच्या जोरावर. १९५४ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ नात्ताच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये प्रत्येक खेपेला मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा फाटा) साखळीच्या एकाच बाजूला येत होता. म्हणून साखळ्या एकमेकींना चिकटून बसल्या आणि १६० अंशांच्या पुढे वितळणारे कणखर प्लास्टिक मिळाले. तेच गट वाटेल त्या बाजूला आले की हाती मऊ, चिकट गोळा उरतो. घटक तेच, संख्या तीच, पण वार चुकला.

आता रचनेचे शब्द. १९५७ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला अँड्र्यू केलर या शास्त्रज्ञाने पॉलिथिलीनचे विरळ द्रावण थंड करून सुटे स्फटिक मिळवले. ते निघाले सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे पातळ थर, आणि साखळ्या थराला काटकोनात उभ्या. साखळी तर शेकडो नॅनोमीटर लांब! ती मावणार कशी? लुगड्याच्या निऱ्यांसारखी मागेपुढे दुमडूनच. म्हणून मी 'साखळीच्या निऱ्या' म्हणतो. परिभाषा घडवणाऱ्यांना 'शृंखला-वलन' का हवे असते, हे मला कधीच पटलेले नाही. वलन म्हणजे वळणे, आणि हे दुमडणे आहे.

निऱ्यांवर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरीचे म्हणणे असे की साखळी थरातून बाहेर पडून लगेच शेजारी परतत नाही, लांब कुठेतरी शिरते. जुन्या टेलिफोन कचेरीतल्या स्विचबोर्डाच्या तारांसारखा तो गुंता. १९७९ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत या वादाने चांगलाच पेट घेतला होता. विरळ द्रावणातल्या स्फटिकांत निऱ्या बऱ्याच नीट असतात. वितळलेल्या प्लास्टिकमधून वाढलेल्या थरांत सुटलेली टोके आणि शेजारच्या थरात गेलेल्या साखळ्याही भरपूर. त्या दुवा धरणाऱ्या साखळ्याच प्लास्टिकला चिवटपणा देतात, नाहीतर ते ठिसूळ होऊन तुटले असते. तेव्हा द्रावणातल्या स्फटिकांपुरती माझी 'निरी' कायम.

थराला, म्हणजे लॅमेलाला, पापुद्रा म्हणावे. लॅटिनमध्येही त्याचा अर्थ लहानसा पातळ पत्राच. 'पटलिका' कोणी सुचवली तर तिला सरळ नकार द्यावा. गोल पुंजक्याला 'गोलस्फटिक' चालेल, पण तो एकच स्फटिक नसून केंद्रातून फाकत गेलेल्या असंख्य पापुद्र्यांचा जुडगा आहे, हे सांगितल्याशिवाय तो शब्द वापरू नये.