एकच पॉलिगॉन बदलायचाय, बाकीचे नकोत

प्रश्न: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पॉलिगॉनची (नकाशावरच्या बंदिस्त आकाराची) हद्द जरा सरकवली तर शेजारच्याशी फट पडली, टेबलमध्ये क्षेत्रफळ मात्र जुनंच. वर नाव टाकायला गेलो तर सगळ्या ओळींमध्ये तेच नाव! काय करू?

उत्तर: नावाचं आधी. फील्ड कॅल्क्युलेटर, म्हणजे सूत्राने कॉलम भरणारं साधन, वापरलात ना? त्यात ओळ सिलेक्ट केलेली नसेल किंवा फक्त सिलेक्ट केलेल्यांची टिक काढलेली असेल तर तो अख्खा कॉलम भरून टाकतो. सेव्ह केलं नसेल तर कंट्रोल झेड मारा, आणि एका नावासाठी कॅल्क्युलेटर कशाला हवाय, पेन्सिलचं बटण दाबून एडिटिंग चालू करा, त्या सेलवर डबल क्लिक, लिहा, झालं.

फटीचं म्हणाल तर स्नॅपिंग (बिंदू जवळच्या बिंदूला आपोआप चिकटवणं) टूलबारमध्ये टोपोलॉजिकल एडिटिंग नावाचं बटण आहे, ते चालू ठेवलं की व्हर्टेक्स टूलने (हद्दीचे बिंदू हलवायच्या साधनाने) सामाईक बिंदू ओढल्यावर दोन्ही हद्दी एकदम सरकतात. (हे बटण पहिल्यापासूनच चालू का नसतं, देव जाणे.) आधीच पडलेली फट मात्र त्याने बुजणार नाही, तिथे स्नॅपिंग लावून बिंदू शेजारच्या बिंदूवर नेऊन टेकवावा लागेल.

क्षेत्रफळाचा आकडा ही नुसती लिहून ठेवलेली नोंद, आकार बदलला तरी तो जागचा हलत नाही. परत मोजा, नाहीतर व्हर्च्युअल फील्ड (सूत्रावर चालणारा कॉलम) करा, ते स्वतःच अपडेट होतं. आणि नकाशाची फाइल शेपफाइल प्रकारातली असेल तर कॉलमचं नाव 10 अक्षरांत बसवायला लागतं, त्यापेक्षा जिओपॅकेज हा दुसरा फाइल प्रकार बरा.