पाच महिन्यांच्या मुलीचे कान सोनाराकडून टोचावेत का दवाखान्यात गननं?

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलगी पाच महिन्यांची झाली, सासूबाई म्हणायल्यात आपल्या नेहमीच्या सोनाराकडं टोचू, दाजी म्हणायलेत दवाखान्यात गननं टोचू, आणि तुम्हाला दोन्हीची धास्ती, कुठं कमी दुखंल आणि कुठं पिकणार नाही ते सांगा. माझं लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला मेडिकल आहे, त्यामुळं पिकलेले कान घेऊन लोक आधी माझ्या काउंटरला येतात आणि मग डॉक्टरकडं. शिवाय मला दोन पोरी, मोठीचे कान गननं टोचले आणि धाकटीचे सोनाराच्या तारेनं. मोठीच्या वेळी जो घोळ झाला तो आधी सांगतो.

मोठी डिसेंबर 2015 ची, म्हणजे पाच महिन्यांची झाली ती मे 2016 ला. तो उन्हाळा आठवत असंल तुम्हाला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, पहिली गाडी 12 एप्रिलला आली 10 वाघिणींत 5 लाख लिटर घेऊन, आणि आख्खं गाव स्टेशनवर बघायला. बायको माहेरी लातुरातच होती. आता असल्या उन्हात, पाण्याची ही बोंब असताना लेकराचे कान टोचायचं काय नडलं होतं? तर मामाच्या मांडीवर टोचायचे असतात आणि मामाला पुण्याच्या कंपनीतून सुट्टी लग्नसराईतच मिळाली, बस एवढंच कारण. मामा म्हणला सोनार बिनार नको दाजी, आता सगळे गननं टोचतात, एका सेकंदात होतं. मी पण मान हलवली कारण स्टडचं, म्हणजे गननं कानात बसवतात त्या दांडीच्या डुलाचं, पाकीट सीलबंद होतं, त्यावर स्टराईल लिहिलेलं, आणि मेडिकलवाल्याला सीलबंद पाकीट दिसलं की त्याचं समाधान होतं.

पहिला कान खरंच एका सेकंदात झाला. पण गनचा खटका कानापाशीच वाजतो ना, लेकरू दुखण्याआधी आवाजानंच दचकलं आणि दुसऱ्या कानाला जे मान हलवायला लागलं ते मामाच्यानं आवरंना, दुसरं भोक थोडं खाली आणि तिरकं गेलं. ते जाऊ द्या, तिरकं तर तिरकं. खरी भानगड स्टडच्या लांबीची होती. गनच्या स्टडची दांडी ठरलेल्या मापाची असते आणि मागचा खटका, म्हणजे फिरकीसारखी पकड, बरेचदा एकदम घट्ट दाबून बसतो, आमच्या पोरीच्या कानाच्या पाळ्या गुबगुबीत, टोचल्यावर सूज तर येणारच, मग त्या सुजेनं जायचं कुठं? त्यात 43 डिग्रीचं ऊन, मानेवर घामोळं, आंघोळ तांब्यानं मोजून, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण कानाला हात लावून बघतोय की किती छान दिसायलंय.

आठव्या दिवशी रात्री बायको तिला अंगावर पाजत होती आणि म्हणाली, अहो मागची फिरकी लागंना हाताला. मी म्हणलं निघून पडली असंल गादीवर, गादी झटकली, नाही सापडली. मग मोबाईलची बॅटरी लावून कान पुढं दुमडून बघितलं तर पाळीच्या मागं कातडी पार मिटत आलेली आणि मधोमध मोहरीएवढा चकाकणारा ठिपका. खटका आत रुतून बसला होता. आणि मी मेडिकलवाला माणूस, आठ दिवस झाले रोज दोन वेळा पुढच्या बाजूनं मलम लावायलो, एकदा पण कान उलटा करून बघितला नाही. सकाळी डॉक्टरांनी पाळी बधिर करून बारीक चिरा देऊन काढलं. भोक गेलं बुजून. परत टोचले ते ती चार वर्षांची झाल्यावर, जुन्या खुणेच्या जरा वर.

म्हणून मी कुणी विचारलं की आधी एवढंच सांगतो, टोचतंय कोण हा नंतरचा प्रश्न, आधी कानात जाणार काय आणि टोचायचं कधी ते बघा.

धाकटी 2019 च्या जुलैची. तिचे टोचले डिसेंबरात, लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळच्या एका गल्लीत म्हातारे सोनार आहेत त्यांच्याकडं. ते म्हणाले म्हण आमच्या नावची आहे, पण टोचणारे सोनार आता राहिले किती, पोरांना शोरूम पाहिजे, लेकराचं रडणं नको. त्यांनी लेकरू दारात उन्हाकडं तोंड करून घ्यायला लावलं आणि पाळी दोन बोटात जरा ताणून मागून ऊन येऊ दिलं, तर ती पाळी लाल काचेसारखी दिसायला लागली आणि तिच्यात बारीक शिरा. शीर नसलेली जागा बघून त्यांनी पेनानं ठिपका दिला, दुसऱ्या कानाला पण तसंच, मग लांब होऊन दोन्ही ठिपके एका ओळीत आहेत का ते बघितलं. हे मला लई आवडलं कारण सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या 16 व्या अध्यायात नेमकं हेच आहे, सूर्याच्या उजेडात दिसणाऱ्या जागी टोचायचं, सहाव्या नाहीतर सातव्या महिन्यात, मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा आधी. सोनारकाकांना म्हणलं तर ते म्हणाले, मला काय माहीत, माझा बाप असंच करायचा.

तार सोन्याची, आमच्यासमोर कापलेली, टोक कानशीनं घासून सुईसारखं केलेलं. ते हळदीच्या तेलात बुडवणार होते, मी म्हणलं काका थांबा, आणि खिशातून स्पिरिटची बाटली काढली, त्यांचे हात आधी साबणानं धुवायला लावले मग स्पिरिट, तार पण पुसली, चिमटा पण. हसले ते, पण केलं. डावा कान, उजवा कान, टोकं वाकवून गोल पीळ, सगळं मिळून दोन मिनिटं. रडली, का नाही रडणार, पण आवाज नाही काही नाही त्यामुळं दुसऱ्या कानाला पहिल्याइतकीच रडली. बायकोनं लगेच पाजायला घेतलं आणि पाच मिनिटात झोपली. डोकं यावेळी मी धरलं होतं, मामाच्या मांडीचा मान राहिला आणि मुंडकं माझ्या हातात. काकांना नारळ, टॉवेल टोपी आणि दक्षिणा.

तारेचा फायदा काय ते नीट समजून घ्या. जी टोचते तीच कानात राहते, नवी कोरी, तुमच्याच लेकराची, म्हणजे दहा लेकरांना एक सुई हा प्रकार नाही. आणि गोल सैल कडं असल्यामुळं सूज आली तरी जागा आहे, आत रुतायला मागं काही नाहीच. गनचं तसं नाही, स्टड नवा असतो पण गन तीच ती, आणि प्लास्टिकची गन दवाखान्यातल्या अवजारांसारखी वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करता येत नाही, वरून पुसतात फक्त. गन बोथट टोक जोरानं दाबून आरपार नेते, सुई किंवा धारदार तार कापत जाते, त्यात पण फरक आहे. दाजींना हे सांगा. पण सासूबाईंचे सोनार आधी वेगळ्या सुईनं टोचून मग तार घालत असतील, आणि ती सुई डब्यातली जुनी असंल, तर सरळ उठून या. आणि तुमच्याकडं कुणी कानाचे नाहीतर मुलांचे डॉक्टर नव्या सुईनं टोचून देत असतील तर माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं, तार घरून न्या म्हणजे झालं. तालुक्याच्या गावाला मात्र डॉक्टर म्हणलं तरी बहुतेक ठिकाणी गनच निघते, आधी विचारून घ्या.

आता कधी. बाराव्या दिवशी बारशातच उरकून टाका असं म्हणणारे लई आहेत, मी नाही म्हणतो. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने हे तीन पेंटाचे, म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लसीचे डोस होतात त्यात धनुर्वाताची लस असते, ते तीन झाले की मग टोचा. तुमची पाच महिन्यांची आहे म्हणजे झाले असतील, तरी कार्ड काढून बघा, एखादा तापामुळं राहून गेलेला असतो. सहा सात महिन्यांनंतर लेकरू कान ओढायला लागतं, त्यामुळं डोस झाल्यावर आणि हात कानाला जायच्या आत, हीच खरी वेळ. पण तुमचे पाच महिने जर एप्रिल मे मध्ये पडत असतील तर खुशाल दिवाळीपर्यंत थांबा, काय बिघडत नाही, मुहूर्त तेव्हा पण निघतात. आपल्याकडचं ऊन आणि घाम म्हणजे अर्धं पिकणं तिथंच. थंडीत दुसरीच गंमत, धाकटीला आजीनं लोकरीचं विणलेलं टोपडं घातलं आणि काढताना तार लोकरीत अडकली, पोरीनं घर डोक्यावर घेतलं. कॉटनचं घाला, आणि तुमच्या पदराची जरी, मंगळसूत्र हे पण सांभाळा.

ताप, सर्दी, अंगावर पुरळ असंल तर पुढं ढकला. घरात कुणाला जखमेवर गाठीसारखी कातडी वाढायची सवय असंल, त्याला केलॉइड म्हणतात, तर आधी डॉक्टरला दाखवा, ती प्रवृत्ती घराण्यात चालते. दुखू नये म्हणून बधिर करायचं मलम मिळतं, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं, तासभर आधी लावतात, पण ते मेडिकलमधून परस्पर नेऊन लावू नका, तान्ह्या लेकराला जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन न्यायची ताकद कमी होते. मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, लोक रागावून जातात.

नंतरची काळजी म्हणजे काय तर कमीत कमी हात लावणं. पाळीचं भोक भरून यायला सहा ते आठ आठवडे जातात. रोज दोनदा साबणानं हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यानं नाहीतर सलाईननं कापूस ओला करून पुढून आणि मागून पुसा, मागून, मी काय केलं ते वर वाचलंच तुम्ही. खपली ओली करून आपोआप सुटू द्या, तार फिरवत बसू नका, आज्या फिरवा म्हणतात पण वाळलेली खपली आत ओढली जाते. हळद खोबरेल मी मनाई करत नाही, आमच्या घरात पण लावलं आईनं, पण ताजं आणि बोटभर, ती वाटी आठ दिवस ओट्यावर उघडी ठेवून त्यात बोटं घालणं नको. स्पिरिट रोज नको, कातडी कोरडी होऊन तडकते. पावडर कानापाशी नको. खेड्यातून अजून एखादी आजी भोकात कडुलिंबाची काडी घातलेली पोरगी घेऊन येते, काडी फुगलेली आणि भोवती पू, तसलं काही करू नका.

थोडी लाली, थोडी सूज, पांढरट पाणी पहिले तीन चार दिवस चालतं. लाली पसरायली, पाळी गरम लागायली, पिवळा पू, ताप, यातलं काही दिसलं तर माझ्यासारख्याकडून मलम नेऊ नका, डॉक्टरकडं जा. आणि टोचायचं ते पाळीलाच. वरच्या कुर्च्याला, म्हणजे कानाच्या वरच्या कडक भागाला, आता कॉलेजची पोरं भिकबाळी घालायलेत, तिथं एकदा पिकलं की लवकर आवरत नाही कारण कुर्च्याला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, आणि कानाचा आकार जातो तो जातोच.

सोन्याचं एक विचारायचं राहून जातं लोकांचं. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क बंधनकारक नाही, आणि लेकराची तार तर अर्धा ग्रॅम बिर्धा ग्रॅम, म्हणजे तिच्यावर शिक्का शोधू नका, मिळणार नाही. म्हणून ओळखीचाच सोनार बघा आणि निदान 22 कॅरेट मागा. सोनं कमी आणि भेसळ जास्त झाली की त्यात काय धातू आहे ते कळत नाही, निकेल असंल तर कान खाजतो, चिघळतो आणि लोक म्हणतात पोरीला सोनं लाभत नाही. गिल्टाचे डूल तर वर्ष दोन वर्षं आणूच नका.

तार निदान दोन अडीच महिने राहू द्या. बदलताना लेकरू झोपेत असताना बदला, आणि एक काढली की दुसरी लगेच घाला, उद्या घालू म्हणलं की भोक मिटलं. आणि बदलून बाळीच घाला, फिरकीचं काही नको, रात्री फिरकी सुटते आणि सकाळी ती लेकराच्या मुठीत नाहीतर तोंडात असते.