चक्रधरांना परमेश्वर न मानता त्यांचा आदर करता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: ज्या धर्मावर किंवा पंथावर आपला विश्वास नाही, त्याच्या प्रवर्तकाबद्दल मनापासून आदर वाटू शकतो का, की तो नुसता शिष्टाचार असतो? मी नास्तिक आहे आणि मला चक्रधरांबद्दल खरोखर आदर आहे, म्हणून त्यांच्याच उदाहरणाने सांगतो.

चक्रधर हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक. पंथात ते परमेश्वराचे अवतार, पंचकृष्णांपैकी म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांपैकी एक. मी हे मानत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ आहेत, हा त्यांचा सिद्धांतही मला पटत नाही. पण तेराव्या शतकात या माणसाने धर्मज्ञान मराठीत सांगितलं आणि बायकांना संन्यासाची वाट मोकळी केली. शिवाय विटाळ, म्हणजे मासिक पाळी, हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव, असं निःसंकोच सांगून टाकलं. हे आजही चारचौघांत म्हणायला धीर लागतो.

त्यांच्या पश्चात पंथातले पंडित केशोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा चक्रधरांचे शिष्य आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. का, तर त्याने पंथातल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील! मला तर या एका नकारासाठी हात जोडावेसे वाटतात. याच मंडळींत धवळे, म्हणजे लग्नप्रसंगीची गाणी, रचणारी महदाइसा झाली, मराठीतली आद्य कवयित्री.

इथवर सगळं सोपं होतं. माझा एक जवळचा मित्र महानुभाव घरातला आहे. त्याच्यासमोर मी एकदा भारावून जाऊन चक्रधरांना ‘थोर समाजसुधारक’ म्हटलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, “तू आमच्या स्वामींमधलं तुला हवं तेवढं घेतलंस आणि उरलेलं आम्हाला परत दिलंस.” मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

त्यानंतर मी ‘लीळाचरित्रा’कडे, म्हणजे म्हाइंभटांनी लिहिलेल्या चक्रधरांच्या चरित्राकडे, वेगळ्या नजरेने पाहू लागलो. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण म्हाइंभट एकेका शिष्याला गाठून, चक्रधर काय बोलले, कुठे थांबले, काय जेवले हे विचारत फिरले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत गेले, ते वाङ्मयाच्या हौसेने नव्हे. त्यांच्या लेखी तो परमेश्वराचा शब्द होता. पुढच्या पिढ्यांनी तोच शब्द सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवून मठांमध्ये शतकानुशतकं जपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि हे धन बाहेरच्यांना वाचता आलं. जी श्रद्धा मला पटत नाही, तिच्याचमुळे हा माणूस माझ्यापर्यंत पोहोचला. मग त्या श्रद्धेला टरफल समजून बाजूला कसं काढायचं?

म्हणून आता मी दोन्ही गोष्टी स्पष्ट बोलतो. तुमचं दैवत माझं नाही, हेही सांगतो. आणि माझ्या भाषेवर त्यांचे उपकार आहेत, हेही. पंथातल्या माणसांसमोर ‘चक्रधर स्वामी’ म्हणतो, त्यांच्या पोथीला हात लावण्याआधी विचारतो. मित्र भेटला की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो, मीही तेच म्हणतो. प्रार्थनेला तो उभा राहतो, तेव्हा मी मागे शांत बसून असतो. त्याने मला पुढे ये म्हटलेलं नाही, आणि उठून जा असंही नाही.